विनूच्या विमानाने पालेर्मो

माझा धाकटा भाऊ विनू इटलीत शिकला आणि तिथंच बर्गामोच्या विमानतळावर एका स्वस्त विमान कंपनीच्या कामाला लागला. तेव्हापासून अण्णांचं एकच टुमणं होतं, "पोराच्या इमानात एकदा बसायचंय." आमचे अण्णा सोलापूर डेपोतून एसटी कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. मी शिकवते त्या शाळेला उन्हाळी सुट्टी लागली, व्हिसा हातात पडला, आणि आम्ही दोघं निघालो.

मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून मिलान, पुढे बसने तासाभरात बर्गामो. विनूनं खोलीवर पिठलं करून ठेवलं होतं. आम्ही नेलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी त्यानं पहिल्याच दिवशी निम्मी संपवली.

विनूच्या कंपनीच्या विमानाचं, दक्षिण इटलीतल्या पालेर्मो शहराचं तिकीट आपल्या पुण्याच्या एसी बसपेक्षा थोडंच महाग पडलं. मात्र सीटखाली मावेल एवढीच पिशवी फुकट, आणि चेक-इन मोबाइलवर आधीच करायचं. विसरलात तर काउंटरवर तिकिटाहून जास्त मोजावे लागतात.

"ताई, माझी सकाळची ड्युटी आहे. तुम्ही दोघं जाऊन या," विनू म्हणाला. अण्णांना ते जरा खटकलं.

विमानापर्यंत चालत जायचं होतं. आलेले प्रवासी उतरताहेत तोवर आम्हाला रांगेत उभं केलेलं. अण्णा खूश झाले. "बरोबर हाय. गाडी उभी ऱ्हायली की तोटा."

आणि ते थबकले. विमानाच्या पोटाशी पिवळी जाकिटं घातलेली माणसं पट्ट्यावर बॅगा चढवत होती. त्यात विनू होता. 'कंपनीत आहे' एवढंच तो घरी सांगायचा, ऑफिस आम्ही आमच्या मनानं धरलं होतं. त्यानं आम्हाला पाहिलं आणि मान खाली घातली.

विमानात बसल्यावर अण्णा खिडकीतून शेवटपर्यंत खाली बघत राहिले. ज्या मुलींनी पट्टा बांधायला शिकवलं, त्याच वर गेल्यावर कॉफी विकत होत्या आणि नंतर कचराही गोळा करत होत्या.

पालेर्मोत दोन दिवस समुद्र, बाजार आणि भाताचे तळलेले गोळे. सगळं छान, पण अण्णांचं लक्ष कशातच नव्हतं.

परतलो तेव्हा विनू बसथांब्यावर उभा होता. "अण्णा, सांगायचा धीर झाला नाही," तो म्हणाला.

"त्या दिवशी इमान टायमाला सुटलं का?"

"चार मिनिटं आधी."

"एखादी बॅग ऱ्हायली?"

"नाही."

"मग मान कशापायी खाली घातलीस?"

विनू हसला, डोळे पुसत. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून त्यानं अण्णांना समजावलं, पंचवीस मिनिटांत विमान रिकामं करून परत कसं भरतात आणि शेवटी सामानाचं दार तो कसं लावतो. अण्णांनी इतके प्रश्न विचारले की भात गार झाला.

सोलापुरात येऊन महिना झाला. पालेर्मोतल्या चर्चची नावं मी विसरलेय. परवा डेपोच्या कँटीनमध्ये अण्णांच्या जुन्या ड्रायव्हरनं विचारलं, "पोरगा तिकडं सायेब हाय म्हनं?"

"न्हाय," अण्णा चहा बशीत ओतत म्हणाले. "सामान चढवतो. त्यानं दार लावल्याबिगर इमान हलत न्हाय."