मेजरांनी न तपासलेला सुरा

ग्राइंडर सुरू करायचा, लोखंडाचा तुकडा चाकाला टेकवायचा आणि उडणाऱ्या ठिणग्यांकडे एक डोळा मिटून बघायचं. मग मेजर निकाल द्यायचे, पोलाद कसलं ते. "माणूस बोलंल खोटं. ठिणगी न्हाई बोलत."

चिखलीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ते वीस वर्षं होते. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आपण मेजर करतोच. पहिले काही महिने त्यांनी "मेजर न्हाई, हवालदार" अशी दुरुस्ती केली, मग नाद सोडला. फौजेतही बंदुकीपेक्षा हातोडाच जास्त चालवलेला. युनिटच्या वर्कशॉपमध्ये ते लोहार होते.

माल आणणारे त्यांना टरकून असत. एकदा चाकणच्या एका व्यापाऱ्याने कडक पोलाद म्हणून साधं लोखंड आणलं. मेजर ठिणगी बघून मला म्हणाले, "ह्याच्या खिडक्या करा, शेठ. हत्यारं व्हायची न्हाईत." व्यापाऱ्याने गुपचूप माल परत गाडीत भरला.

चार वर्षांपूर्वी नवरात्रात राजगुरुनगरकडचे एक बागायतदार आले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, त्यामुळे त्या दिवसांत धार लावायला गर्दी असतेच. यांचं काम वेगळं होतं. यांचे वडील एकाहत्तरच्या लढाईत होते आणि येताना शत्रूचा सुरा घेऊन आले होते. पितळी मूठ, मुठीवर चंद्र-तारा. वडील गेल्यावरही तो दर खंडेनवमीला पूजेत असायचा. आता ताथवड्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या जावयाने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि शंका काढली, असले सुरे पुष्कळदा बनावट असतात म्हणून.

"आई हाय आमची अजून," ते म्हणाले. "तिच्या कानावर गेलं. दोन दिस धड जेवली न्हाई. तुमी ठिणगी बघून सांगा. खोटा असंल तर हितंच टाकून जातो."

मेजरांनी सुरा उलटसुलट केला, मुठीवरच्या चंद्रावरून अंगठा फिरवला आणि चालू ग्राइंडर बंद केला. असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"ह्याला चाकावर धरायचं न्हाई. पात्याचं पाणी उतरंल, मऊ पडंल ते."

"मग कळायचं कसं?"

"वडील लंगरला व्हते ना तुमचे? सैपाकाला?"

"व्हय. तुमाला कसं ठावं?"

"त्यांच्या हातच्या रोट्या खाल्ल्यात मी. गोळे पडत असायचे आन् हा गडी पातेलं डोक्यावर घेऊन पुढं खंदकापत्तुर जायाचा. हा सुरा तवाच त्यांच्याकडं बघितलाय, ह्या डोळ्यांनी. आईला तसंच सांगा."

बागायतदारांचे डोळे भरून आले. मेजरांनी पाण्याचा दगड काढला आणि हाताने धार लावत बसले. तासभर तरी गेला असेल.

मी सोडणारा नव्हे. गिऱ्हाईक गेल्यावर चहा पुढे ठेवला आणि विचारलं, ठिणगी का नाही बघितली?

"समोरचे शरण आले, तवा हत्यारांचे ढीग लागले," मेजर म्हणाले. "सगळं जमा करायचा हुकूम. पर पुढच्या पोरांनी सुरे, संगिनी सामानात सरकवल्या. कुणी कैद्याला सिगारेटचं पाकीट देऊन घेतल्या. लंगरवाल्याला काय मिळणार? सुट्टीवर निघायच्या आदल्या दिशी माझ्याकडं आला. म्हनला, गाव विचारंल लढाईतनं काय आणलंस. काय दावू?"

"मग?"

"मोडक्या ट्रकच्या कमानीचा, स्प्रिंगचा पाटा पडला व्हता. तापवला, ठोकला. चंद्र जरा वाकडा बसला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "सुरा माझा हाय, शेठ. लढाई त्याचीच व्हती."

आता मेजर खोटं बोलले का, ते तुम्हीच ठरवा. मी त्यांचं एकेक वाक्य मनात घोळवून पाहिलं, पाणी उतरण्याचं कारण सोडलं तर कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

गेल्या उन्हाळ्यात मेजर गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर होते.

या नवरात्रात बागायतदार पुन्हा आले. आईने सुरा धार लावायला पाठवला होता. या वेळी जावई सोबत. जावयांनी माझ्या चालू ग्राइंडरकडे पाहिलं. "एकदा ठिणगी बघायची का? सहज."

मी बटण बंद केलं. "पाणी उतरेल," मी ठणकावून सांगितलं.

मग फडताळातून मेजरांचा दगड काढला, त्यावर पाणी शिंपडलं आणि त्यांच्या स्टुलावर बसलो. वाकडा चंद्र अंगठ्याखाली झाकला आणि पहिला हात फिरवला.