सालपटांचा रविवार

कोकोपीट हा शब्द ऐकला की मला अजून शिसारी येते. त्या शब्दाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा तो. कुंडीत घालतात, ओल धरून ठेवतो, एवढंच. पण ज्या माणसाने मला तो शब्द शिकवला त्याचा हसरा चेहरा लगेच डोळ्यांपुढे येतो आणि तोंडाची चव जाते.

हिंजवडीतल्या नोकरीत मी तेव्हा चांगला मुरलो होतो. पाच दिवस कंपनीच्या बसमध्ये झोपत जायचं, झोपत यायचं. शनिवार-रविवार मात्र वाकडचा फ्लॅट खायला उठायचा. अशाच एका शनिवारी इंटरनेटवर मला तो गट सापडला. सगळे पुण्यातले, बहुतेक आयटीतले. सुट्टीच्या दिवशी घरात काहीतरी हाताने करायचं आणि त्याचे फोटो गटावर टाकायचे, हा उद्योग. कुणी स्टूल बनवायचं, कुणी भिंत रंगवायचं, कुणी जुन्या बाटल्यांचे दिवे करायचं. फोटो काढायला तेव्हा वेगळा कॅमेरा लागायचा आणि यांच्या प्रत्येकाच्या गळ्यात तो लटकलेला असायचा. गटाचा एक नियम होता: फक्त कौतुक करायचं. स्टुलाचा एक पाय आखूड असला तरी खाली ‘जबरी’, ‘कडक’, ‘मानलं बॉस’ असे अभिप्राय ओळीने लागायचे.

मला तो गट आवडायचं कारण वेगळं होतं. तिथे सगळे टोपणनावाने लिहायचे. पुण्यात नवा माणूस तुमचं नाव विचारतो ते आडनावापर्यंत पोचण्यासाठी. मग गाव विचारतो, आणि दोन्हींची बेरीज जमली की ‘अच्छा, अच्छा’ म्हणतो. त्या ‘अच्छा’ला मी कंटाळलो होतो. गटावर कुणी काही विचारत नव्हतं. तिथे मी फक्त एक माणूस होतो, ज्याने चपलांचं कपाट ठीकठाक रंगवलं होतं.

गटात तिघांचं वजन होतं. एक गटाचे संस्थापक. कोथरूडचे, वयाने मोठे, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. त्यांच्याकडे ड्रिल मशीनचे इतके प्रकार होते की आम्ही त्यांना ड्रिलवाले म्हणायचो. दुसरी वारलीवाली. ती दिसेल त्या भिंतीवर वारली चित्रं काढायची. आयुष्यात एखादा वारली माणूस तिला भेटला होता की नाही, देव जाणे. आणि तिसरा खतवाला. हा औंधच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करायचा. कोपरापर्यंत हात त्या कुजक्या लगद्यात घातलेले, तळहातावर गांडुळं वळवळताहेत आणि वर साहेब दात काढून हसताहेत, असे त्याचे फोटो असायचे. खाली टाळ्यांचा पाऊस. माझ्या आजोबांना गावातली मेलेली जनावरं ओढावी लागायची आणि त्यांच्या हातांना वास येतो म्हणून गाव त्यांच्यापासून लांब राहायचं. इथे एक जण आपण होऊन हात घाण करून घेत होता आणि लोक त्याला डोक्यावर घेत होते. मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. काळ बदलला, असं मला मनापासून वाटलं होतं.

त्याच सुमाराला आई नागपूरहून माझ्याकडे आली. वडील गेल्यावर ती एकटी राहत होती. महापालिकेच्या शाळेत जन्मभर शिकवलेलं, त्यामुळे सतत माणसांत राहायची सवय. पुण्यात राहून बघते, जमलं तर कायमची येते, नाहीतर परत जाते, असं तिने आल्या आल्याच सांगितलं होतं. तिने राहावं म्हणून मी जिवाचं रान करत होतो. पण आमच्या मजल्यावरची दारं दिवसभर बंद. कुणी वाटीभर साखर मागायलाही यायचं नाही. “इथं लोक राहतात की नुसती कुलपं?” असं तिने एकदा विचारलं. विचारताना ती हसत होती.

आणि गटात माझी पाळी आली. महिन्यातून एका रविवारी सगळे एका सदस्याच्या घरी जमायचे आणि मिळून एक काम करायचे. त्या घराने दुपारचं जेवण घालायचं, ही रीत. संध्याकाळी फोटो लागायचे आणि शेवटचा फोटो नेहमी वाढलेल्या ताटांचा, ताटांमागे त्या घरातली आई किंवा बायको पदर सावरत उभी. शिवाय खतवाल्यासाठी त्या घराने आपला ओला कचरा राखून ठेवायचा. तो घरून पिशवी घेऊन यायचा. “प्रसाद द्या,” म्हणायचा, सगळे हसायचे.

मी काम सुचवलं ते एका फळीचं. आईची बुद्धमूर्ती आणि निळ्या कोटातला तो फोटो नागपूरहून आल्यापासून ट्रंकेत साडीत गुंडाळून ठेवला होता. हॉलच्या भिंतीवर एक सागवानी फळी ठोकायची, तिच्यावर दोन्ही ठेवायचं. गटावर मी फक्त माप कळवलं होतं. फळीवर काय ठेवणार, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं मलाही वाटलं नाही.

आईच्या अंगात वारं शिरलं होतं. “कोणी काही खात नसेल तर विचारून घे,” म्हणाली. मी विचारलं. मग तिने सगळा शाकाहारी बेत केला. पाटवडीचा रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या थापून, कापून झणझणीत रश्शात सोडायच्या. जोडीला वांग्याचं भरीत, दुधीची भाजी, ज्वारीच्या भाकरी. पहाटेपासून ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. वडील गेल्यानंतर तिला गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

ते दहा जण आले. आईने चहा केला. “काकू, चहा एक नंबर!” खतवाल्याने दोनदा मागून घेतला. वारलीवालीने स्वयंपाकघरात डोकावून “काय वास सुटलाय!” म्हटलं आणि रेसिपी लिहून घेईन म्हणाली. ड्रिलवाल्यांनी पातळी मोजायचा बुडबुडा भिंतीला लावला, पेन्सिलीने खुणा केल्या. फळी झाली मात्र देखणी. ते मी आजही नाकारणार नाही.

मग आईने ट्रंक उघडली. साडीच्या घड्या उलगडून मूर्ती काढली, फोटो काढला, पदराने पुसला आणि दोन्ही फळीवर ठेवून मागे सरून बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे.

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. नुसतं शांत झालं असतं तर मी ते कौतुक समजलो असतो. पण ती शांतता मी शाळेपासून ओळखतो. ड्रिलवाले स्क्रू डबीत भरता भरता म्हणाले, “आपलं मूळ गाव कुठलं म्हणालात?” मी नागपूर म्हटलं. “आणि आडनाव?” मी आडनाव सांगितलं.

“अच्छा, अच्छा,” ते म्हणाले.

आई ताटं मांडायला आत वळली आणि यांची पळापळ सुरू झाली. ड्रिलवाल्यांना आठवलं की त्यांच्याकडे सासरे यायचे आहेत. वारलीवालीला ॲसिडिटी झाली. कुणाला मुलीला क्लासला सोडायचं होतं, कुणाची गाडी चुकीच्या जागी लावलेली होती. आधी ठरवलेलं काही नव्हतं, तरी सगळे कसे एका सुरात. सकाळी हातात हात घालून फळी ठोकणारी ही माणसं दारात चपला शोधताना एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हती.

खतवाला तेवढा थांबला होता. “काकू, आज माझी एकादशी,” तो म्हणाला.

आईला ते खरंच वाटलं. “अगं बाई, आधी सांगायचं ना! साबुदाणा भिजवलेला नाही. थांबा, केळी आहेत.” तिने फणीतली केळी पुढे केली. त्याने त्यातलं एक निवडून घेतलं, सोललं आणि खाल्लं. सालीच्या आत होतं ना, आईचा हात लागलेला नव्हता. ते चाललं. आणि मग त्याने काय करावं? ती साल हातातल्या पिशवीत टाकली आणि म्हणाला, “काकू, ओला कचरा ठेवला होतात ना? प्रसाद?”

आईने पहाटेपासूनची सालपटं एका घमेल्यात राखून ठेवली होती. भाजलेल्या वांग्यांची काळी सालं, दुधीची सालपटं, कोथिंबिरीचे देठ. त्याने ते सगळं दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून पिशवीत घातलं. बोटांना वांग्याचा चिकट गर लागला, तो त्याने घमेल्याच्या काठाला निपटून घेतला. “यात थोडं कोकोपीट मिसळलं की सोनं होतं, काकू,” असं शिकवलंही वर.

“सालपटं चालतात, वड्या चालत नाहीत?” मी म्हटलं.

“अरे, तसं नाही यार. एकादशी म्हटलं ना.” तो हसला. गांडुळांच्या फोटोत हसायचा तसाच.

“जाऊ दे,” आई मला म्हणाली. “पाहुणे आहेत.”

तो गेल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरपाशी गेली. तिला एकादशीशी देणंघेणं नाही, पण शाळेत सुट्ट्यांचा तक्ता तीच करायची. तिने तारखेवर बोट ठेवलं, मागे नेलं. एकादशी होऊन गेली होती. आम्ही दोघं जेवायला बसलो. रस्सा अप्रतिम झाला होता आणि दहा जणांचा उरला होता.

संध्याकाळी फोटो लागले. फळीचा फोटो पाहून मी खुर्चीतून उठलोच. फळीवर मूर्ती नव्हती, निळा कोट नव्हता. मनीप्लांटची बाटली होती. आई चहाचे कप विसळत होती तेव्हा कुणीतरी माझ्याच खिडकीतली बाटली उचलून त्या कोऱ्या फळीवर ठेवून तो फोटो उरकून घेतला असणार. मूर्ती ठेवल्यानंतरचा एकही फोटो नव्हता, आणि तेव्हाही कॅमेरे सगळ्यांच्या गळ्यात होतेच. शेवटचा फोटो ताटांचा नव्हता, आईचा तर नव्हताच. खतवाल्याची पिशवी होती, तोंड उघडं, आत आमची सालपटं. खाली ओळ: ‘काकूंचा खजिना!’ त्याखाली जबरी, कडक, मानलं बॉस.

मी डायनिंग टेबलवरच्या भरलेल्या पातेल्यांचा फोटो काढला आणि ‘आज उरलेलं जेवण’ एवढंच लिहून गटावर टाकला. तो लगेच काढून टाकण्यात आला. गट छंदांपुरता आहे, वैयक्तिक विषय आणू नयेत, अशी सूचना आली. मग ड्रिलवाल्यांचा खासगी निरोप: ‘आपला काही गैरसमज नसावा. आम्ही असलं काही मानत नाही. माझ्या टीममध्ये तुमच्यातले दोघे आहेत, अतिशय हुशार आहेत.’ तुमच्यातले. आपण, आपला म्हणत इतका नम्र माणूस, आणि त्या निरोपाला गटारासारखी घाण येत होती. मी गट सोडला. सोडताना शिव्या लिहिल्या होत्या, त्या पाठवायच्या आधी पुसल्या नाहीत, याचं मला आजही समाधान आहे.

आईला मी फोटो दाखवणार नव्हतो. पण तिने मागितले, आणि मास्तरणीने मागितलं की द्यावं लागतं. चष्मा लावून तिने सगळे फोटो शेवटपर्यंत पाहिले. मनीप्लांटवर थांबली, पिशवीवर थांबली. “फळी चांगली करून दिली बाप्पा पोरांनी,” म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नागपूरच्या तिकिटाचं काढलं. मी हातापाया पडलो. म्हटलं, ती माणसंच तशी होती, सगळे तसे नसतात, माझ्या ऑफिसातल्या चौघांना पुढच्या रविवारी घेऊन येतो. आणि नागपुरात काय वेगळं आहे? तिथे काय असले लोक नाहीत?

“आहेत ना,” आई म्हणाली. ती उरलेल्या वड्या माझ्यासाठी डब्यात भरत होती. “पण तिथं कोण जेवणार नाही, ते मला आधीच माहीत असते. इतका स्वयंपाक मी करून बसत नाही.”