शनिवारची कार्डं

माझी आत्या चाकू कानाने पारखायची. घडीचा चाकू जोडून झाला की तो डाव्या कानाशी न्यायचा, पातं एकदा उघडायचं, एकदा मिटायचं, आणि मान डोलवायची. मान डोलली नाही की तो चाकू पुन्हा सुटा. मग कितीही घाईची मागणी असो, बाबा दारात उभे राहून कितीही घसा खाकरोत.

खिशात ठेवायच्या त्या साध्या चाकूला कुलूप नसतं की खटका नसतो. मुठीच्या आत, पाठीच्या बाजूला एक पोलादी पट्टी असते आणि सगळा खेळ तिच्या ताणावर. पट्टी फार ताठ झाली तर उघडताना नख तुटतं. ढिली झाली तर पातं नको तेव्हा मिटतं, आणि मध्ये बोट आलं तर त्याची गय करत नाही. ताण बरोबर असला की उघडताना एक स्वच्छ ‘टक्’ ऐकू येतो. तो आवाज काढणारं माणूस आमच्याकडे एकच होतं.

कारखाना बाबांचा. कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं, होत्या तीन खोल्या. पहिलीत धारेचं चाक आणि ते चालवणारे धारवाले काका, दुसरीत भट्टी, तिसरीत खिडकीशी आत्याचं टेबल. टेबलामागे एक दार आणि दारामागे आत्याची खाट. ‘आमच्या बाईला कामावर जायला चार पावलं लागतात,’ असं बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. मला ते ऐकून गुदमरल्यासारखं व्हायचं. तिचं लग्न का झालं नाही याची आमच्या घरात तीन उत्तरं होती, आणि तिन्ही बाबांनीच दिलेली.

प्रत्येक चाकूच्या डबीत आम्ही एक कोरं कार्ड घालायचो. चाकू महिनाभर वापरा आणि कसा वाटला ते लिहून पाठवा, एवढीच विनंती. लोक पाठवायचेसुद्धा. शनिवारी जेवणं झाली की मी आठवड्याची कार्डं मोठ्याने वाचायची, असा शिरस्ता होता. आत्याचे हात तेलकट असायचे आणि नजर कामात, म्हणून वाचायची मी. बाबा खुर्चीत, काका उंबऱ्यावर. एका मास्तरांनी लिहिलं होतं, ‘पेन्सिली तासतो. आता पेन्सिली लागत नाहीत, तरी तासतो.’ एका बाईंनी लिहिलं होतं, ‘नवऱ्याला द्यायला घेतला. अजून दिलेला नाही.’ यावर काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. कुणी मुठीच्या लाकडाबद्दल लिही, कुणी वजनाबद्दल, पण दहातल्या आठ कार्डांवर तो आवाज असायचाच. आत्या मान वर करायची नाही. तिचे कान मात्र लाल व्हायचे.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षी दुसऱ्या शहरातून तिच्या नावाने पत्र आलं. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा मोठा कारखाना होता. कात्र्या आणि चिमटे जोडायला नवीन मुली घेतल्या होत्या, त्यांना शिकवायला आत्या हवी होती. राहायला खोली, खोलीला गॅलरी. वर्षअखेरीपर्यंत कळवा, असं लिहिलं होतं. आत्याने ते पत्र हात साबणाने धुऊन घेऊन वाचलं, हे मी पाहिलं.

तिने विषय काढला तो शनिवारीच. “दादा, त्या पत्राचं काय करायचं?”

बाबा हसले. “अगं, ही कार्डं बघ की. लोक तुझ्या चाकूवर जीव टाकतात. ज्या दिवशी लोक म्हणतील, चाकू पहिल्यासारखा राहिला नाही, त्या दिवशी तू खुशाल जा. मी स्वतः गाडीत बसवून देईन.”

हे ते गमतीत बोलले. आमच्या घरात मात्र बाबांची गंमत हाच कायदा असायचा.

दोन आठवड्यांनी मी टेबलाजवळ बसून डब्या भरत होते आणि मला तो आवाज बदललेला जाणवला. ‘टक्’ नव्हे, ‘टप्’. आत्याने चाकू कानाशी नेला, मिटला आणि मान डोलवली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचा चाकू घेऊन ती पट्टीवर कानस चालवायला लागली. तिचे हात मी जन्मापासून पाहत होते. जिथे दहा हात मारून थांबायचं तिथे तिने बारा मारले. मला सगळं कळलं. ती स्वतःचे चाकू बिघडवून बाहेरची वाट काढत होती.

आता माझं सांगते, आणि ते सांगायला मला आजही जड जातं. आत्या गेली असती तर तिच्या स्टुलावर मी बसले असते. बाबांनी ते ठरवूनच टाकलं होतं. ‘हिची बोटं अगदी आत्यावर गेलीत,’ असं ते येताजाता म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी मी हात पाठीमागे लपवायचे. मला नकाशे काढायला शिकायचं होतं. तो अभ्यासक्रम नव्या वर्षात सुरू होणार होता आणि माझा अर्ज मंजूर झाला होता. ती चार पावलांची नोकरी माझ्या वाट्याला येणार या विचाराने मला अन्न गोड लागेना.

पहिलं वाईट कार्ड महिन्याने आलं. ‘पातं सैल वाटतं. पूर्वीच्या चाकूची सर नाही.’ मी कार्ड हातात धरलं, घसा साफ केला आणि वाचलं, “पातं हलक्या हाताने उघडतं. पूर्वीच्या चाकूपेक्षा सोयीचं.”

बाबांनी मांडीवर थाप मारली. आत्याची कानस थांबली.

पुढच्या शनिवारी तीन आली, त्याच्या पुढच्या शनिवारी पाच. मी सगळी गोड करून वाचली. ‘मिटताना भीती वाटते’ याचं मी ‘म्हाताऱ्या बोटांना त्रास होत नाही’ केलं. माझा त्यात हात बसला होता, आणि लाज वाटते सांगायला, थोडी मजाही येत होती. वाचलेली कार्डं मी पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावायचे.

आत्याने आणखी ढिले चाकू केले. लोकांनी आणखी कौतुक केलं, म्हणजे मी केलं. एका दुपारी डब्या भरताना ती एकाएकी म्हणाली, “लोकांना काहीही चालतं का गं?”

“म्हणजे?”

“तीस वर्षं मी कान लावून बसले. कुणासाठी बसले? त्यांना तर फरकच कळत नाही.”

ती रडत नव्हती. एखाद्याने हिशेब विचारावा तशी विचारत होती. तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. पण अभ्यासक्रम सुरू व्हायला सातच आठवडे राहिले होते. मी म्हटलं, “तुझं आपलं काहीतरीच.”

वर्षअखेरीला दहा दिवस उरले असताना एक बाई कारखान्यात आल्या. त्या गुलाबाची कलमं करायच्या. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला मोठं बँडेज होतं. दारातच त्या म्हणाल्या, “दोन कार्डं पाठवली मी तुम्हाला. साधं उत्तर नाही? कलम करताना पातं मिटलं. पाच टाके पडलेत, आणि बोट आता वाकत नाही.”

बाबा त्यांना खुर्ची द्यायला धावले. आत्या टेबलापासून उठली, त्यांच्या हातातला चाकू घेतला आणि पात्याच्या बुडाशी ठोकलेला त्या चाकूचा आकडा पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “डबा आण.”

तिने सगळी कार्डं वाचली. उभ्यानेच, ओठ हलवत, एक एक. गुलाबवाल्या बाईंचं दुसरं कार्ड हातात घेऊन तिने विचारलं, “हे तू काय वाचलं होतंस?”

मला आठवत होतं. “कलमं करायला याच्यासारखा चाकू नाही,” मी म्हटलं.

बाबा मला मारायला उठले, आयुष्यात पहिल्यांदा. आत्याने त्यांना हाताने थांबवलं. “तिला काय मारतोस? चाकू मी बिघडवले. मला जायचंय, एवढं तोंडाने म्हणायचं होतं. ते धाडस झालं नाही म्हणून या बाईंचं बोट गेलं.”

बाबा खाली बसले. मग असं काही बोलले, जे मी त्यांच्याकडून कधीच अपेक्षिलं नव्हतं. “लोक म्हणाले तर जा, असं मी बोललो होतो. लोक म्हणाले. तू जा. इथलं मी बघतो.”

दार सताड उघडलं होतं. धारवाले काकांना तर हुंदका आवरेना. आणि आत्या म्हणाली, “आता कशी जाऊ? आठवड्याला दहा, चौदा आठवडे. एकशे चाळीस चाकू बाहेर आहेत, दादा. एकशे चाळीस माणसं खिशात घेऊन फिरताहेत.”

तिने त्या कारखान्याला नकार कळवला. मग आकडेवार यादी केली, कार्डांवरच्या पत्त्यांवर पत्रं टाकली, दुकानांत पाट्या लावायला दिल्या: या आकड्यांचे चाकू परत पाठवा, दुरुस्त करून मिळतील. चाकू येऊ लागले. ती प्रत्येकाची पट्टी नवी करायची, भट्टीत तापवून तिला पाणी द्यायची, चाकू कानाशी न्यायची आणि यादीतला आकडा खोडायची. पहिल्या वर्षात नव्वद आले. पुढच्या पाच वर्षांत चाळीस. नंतर एक.

मी मात्र नकाशे शिकले. बाबांनी मला स्टुलावर बसवलं नाही, कारण स्टूल रिकामं झालंच नाही. मी गावोगाव हिंडले, नद्या मोजल्या, डोंगर कागदावर उतरवले. प्रत्येक नव्या गावी पोचले की गॅलरी असलेली एखादी खोली दिसायचीच, आणि माझा दिवस तिथेच नासायचा.

बाबा गेले, काका गेले. धारेचं चाक बंद झालं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून त्याच खिडकीशी बसते. नवे चाकू करत नाही. टपालवाल्याची वाट बघते. मी तिला माझ्याकडे चल म्हणून दहादा म्हटलं. माझ्या घराला तर दोन गॅलऱ्या आहेत. तिचं उत्तर ठरलेलं असतं, “नऊ यायचेत अजून. आले की येते.”

ते नऊ कुठे असतील? हरवले असतील, गंजले असतील, मालकांबरोबर गेले असतील. हे मी तिला समजावून पाहिलं. ती म्हणते, “असतील. पण कुणाच्या खिशात असला तर?”

परवा मी गेले तेव्हा ती खिडकीशी वाकून बसलेली दिसली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी पिशवी ठेवता ठेवता म्हटलं, “आत्या, अगं, माझ्या पत्त्यावर एक पत्र आलंय. तुझी जुनी पाटी कुणाला तरी सापडली म्हणे. एका माणसाकडे बापाचा चाकू होता, आपला, यादीतला. प्रवासात नदीत पडला. आता त्याची काळजी नको.”

आत्याने चष्मा पुसला. यादी पुढे ओढली, पेन्सिल उचलली. मला वाटलं, एक सुटला, आता उरलेले आठही असेच सोडवीन.

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हात पुढे केला.

“पत्र दाखव. मी वाचते.”

मी पिशवीत उगाच हात घालून बसले. ती थांबली. मग हात मागे घेतला.

“म्हणजे अजून नऊच,” ती म्हणाली, आणि यादी जागेवर सरकवून ठेवली.