तांबडीच्या मागे तीन दिवस

आमच्या वाडीवर जनावरांना नावं नव्हती. बाबा रंगावरून हाक मारायचे. कबरी, धवळी, काळी. कुत्री तांबूस रंगाची म्हणून ती तांबडी. वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाला टेकून आमची वाडी होती. बाबांनी लाकडाच्या डेपोतली नोकरी सोडून तिथे जमीन घेतली होती आणि वीस-बावीस गाई-म्हशी सांभाळल्या होत्या. मी ब्रह्मपुरीला खोली घेऊन बारावी शिकले आणि रसायनशास्त्रात नापास होऊन परत आले. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. पुस्तकं ट्रंकेत होती आणि मी दिवसभर दारातल्या बाजेवर बसून धानाच्या बांधीवरचं ऊन सरकताना बघायची. ते महिने आठवले की सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसतं, थोडं हलतं, थोडं हिरवं.

त्या वर्षी पौष महिन्यात, नुकतं उजाडत असताना, गुरांच्या कोठ्यामागे बिबट आला. धुकं इतकं दाट होतं की कोठ्याची भिंतसुद्धा नीट दिसत नव्हती. आधी तांबडीचा आवाज ऐकू आला. भुंकणं नव्हे, काहीतरी फाटत असल्यासारखा आवाज. बाबा काठी घेऊन धावले, मागोमाग माय आणि मी. धवळीचं आठ दिवसांचं वासरू कुडाला चिकटून थरथरत होतं आणि त्याच्यासमोर तांबडी उभी होती, पाठीवरचे केस ताठ करून. तिच्या पुढे धुक्यात दोन-तीन हातांवर एक लांबट पिवळी सावली होती. बाबा ओरडले तशी ती सावली वळली आणि धुक्यात मिसळून गेली. घाई नाही, उडी नाही. नुसती विरली.

मायने वासराला सोडून आधी तांबडीला कवेत घेतलं. त्या सकाळी तिने पितळी थाळीत गरम भात वाढला, त्यावर तूप, गूळ आणि दूध, आणि थाळी तांबडीपुढे ठेवली. ती थाळी घरी पाहुणे आले तरच निघायची.

माय लहानपणी खूप उपाशी राहिली होती. दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा करून आल्यावर रात्री लाखोळीची डाळ पाण्यात उकळून प्यायची आणि झोपायची, असं ती सांगायची, तेही क्वचित. कुणावर जीव जडला की तिला एकच गोष्ट सुचायची, त्याचं पोट भरणं. तूप-भात ही तिच्या दृष्टीने जगातली सगळ्यात मोठी वस्तू होती. त्या दिवसापासून तांबडीला ती रोज मिळायला लागली.

माघ संपेपर्यंत तांबडी जाड झाली. मग तिच्या कानांच्या कडा कोरड्या पडल्या. कोपरावरचे केस गेले, पोटाखाली लाल चट्टे उठले. ती बसल्या बसल्या स्वतःला चावायची. कोठ्याच्या खांबाला अंग घासून घासून तिने खांब गुळगुळीत केला. गाई चरायला निघाल्या की पूर्वी ती सगळ्यांच्या पुढे असायची, आता उठायचीसुद्धा नाही. मायला वाटलं, अशक्तपणा आला. तिने तूप वाढवलं.

आमची गुरं राखायला एक म्हातारे गोंड गृहस्थ होते. गायकीचं, म्हणजे गुराख्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. बोलणं कमी, पण जनावराच्या चालीवरून त्याला काय होतंय ते सांगायचे. फाल्गुनात एका दुपारी ते पत्र्याचा डबा घेऊन आले. लाकूड वाहणाऱ्या ट्रकच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल होतं, काळंकुट्ट.

"हे लावा बाई," ते मायला म्हणाले. "दोन खेपेत खाज जाते."

माय लगेच चिंधी शोधायला लागली. मी तांबडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती सारखी अंग चाटत होती. माझ्या मनात आलं, हे ऑइलही ती चाटणार.

"भाऊ, तुम्ही कोणत्या कुत्र्याले लावलं होतं का हे?" मी विचारलं.

"हो ना. मागच्या साली माह्याच कुत्र्याले लावलं. खाज गेली."

"अन् कुत्रा?"

भाऊंनी डबा खाली ठेवला. "कुत्राबी गेला," ते म्हणाले. "पण तो म्हातारा होता. कशानं गेला, आता कसं सांगू?"

मायचा हात थांबला. मी म्हणाले, "माय, ब्रह्मपुरीले जनावरांचा दवाखाना आहे. मी डॉक्टरले विचारून येते."

"कुत्रीले एस्टीत घेत नाई कोणी," माय म्हणाली. "अन् डॉक्टर तिले न पाहता काय सांगन?"

बाबा ओट्यावर दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "जाशील तर रिकामी नको जाऊ. ती काय खाते, काय करते, सगळं पाहून जा. डॉक्टर जे विचारन ते तुले सांगता आलं पाह्यजे."

मी ट्रंक उघडली. रसायनशास्त्राची प्रयोगवही काढली. अर्धी कोरी होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तांबडीच्या मागे चालायला लागले.

तीन दिवस मी दुसरं काहीच केलं नाही. ती बसली की मी बसायची, उठली की उठायची. पहिल्यांदा मला स्वतःचंच हसू आलं. पण दुपारपर्यंत हसू गेलं आणि एक वेगळीच शांतता आली. कुत्र्याच्या चालीने चाललं की जंगल वेगळं दिसतं. वाटा खालून जातात, झुडपांच्या पोटातून. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती आणि प्रत्येक आवाजाला तांबडीचा एक कान वळत होता. मीही ऐकायला शिकले. कुठे रानकोंबडी पानं उकरते आहे, कुठे नुसता वारा आहे.

वहीत लिहीत गेले. सकाळी मायचा तूप-भात. मग बाबांच्या चहातली दोन बिस्किटं. ती बाबा रोज गुपचूप द्यायचे, मला तोवर माहीत नव्हतं. मग तांबडी रमतगमत भाऊंच्या झोपडीकडे निघाली. तिथे तिच्यासाठी करवंटीत जावा, म्हणजे आंबील, ठेवलेली होती. भाऊ मला बघून ओशाळले. "वासरू वाचवलं तिनं," एवढंच म्हणाले.

तिथून ती मोहाच्या झाडांखाली गेली. फुलं गळायचे दिवस होते. जमिनीवर फिकट पिवळ्या फुलांचा थर होता आणि वास इतका गोड की डोकं जड व्हायचं. गावातल्या बाया पहाटेच वेचून गेल्या होत्या, उरलेली फुलं उन्हात मऊ पडत होती. तांबडी एकेक फूल जिभेवर घेऊन खात राहिली, कितीतरी वेळ. मग तिथेच आडवी झाली. मीही झाडाला टेकले. वरून एखादं फूल टप्‌ करून पडायचं, कधी माझ्या ओच्यात, कधी तिच्या पाठीवर. मला झोप लागली असावी, कारण जागी झाले तेव्हा सावली दुसऱ्या बाजूला गेली होती आणि तांबडी माझ्या पायावर डोकं ठेवून घोरत होती. नापास झाल्यापासून इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नाल्यापलीकडे गेली. गावातलं मेलेलं जनावर तिथे टाकायचे. एका बैलाचा सांगाडा पडलेला होता आणि भोवती गिधाडं बसली होती, माना खांद्यात घालून, कुणाची तरी वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी. तांबडी त्यांच्यामधून सरळ चालत गेली. त्यांनी थोडी जागा करून दिली. तिने कुजक्या आतड्याचा तुकडा ओढला आणि सावकाश खाल्ला. मी नाक दाबून ते लिहिलं. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. घरी बुद्धवंदना झाली, मायने खीर केली आणि पहिला वाटा तांबडीला दिला. तेही लिहिलं. तिच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले, तेही.

चौथ्या दिवशी नावेतून नदी ओलांडून मी पहिली एस्टी पकडली. दवाखान्याच्या आवारात बैल बांधलेले होते आणि डॉक्टर एका म्हशीच्या तोंडात हात घालून दात बघत होते. पन्नाशीचे, चष्म्याला दोरा बांधलेला. मी वही पुढे केली. ते हात धुऊन आले आणि पायरीवर बसून सगळी पानं वाचली. मधेच एकदा हसले.

"मोहफुलं पण?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"ही कुत्री पाच ठिकाणी जेवते आणि तरी उपाशी आहे," ते म्हणाले. "भात, गूळ, तूप, बिस्कीट. पोट भरतं, चरबी चढते. पण कातडी आणि केस कशाने बनतात? त्याचं यात काहीच नाही. वर नाल्यावरचं खाऊन पोटात जंत झालेत. अंगात ताकद नसली की खरूज पसरते. ही खरूजच असावी, पण बघितल्याशिवाय औषध देणार नाही. गुरुवारी मी तुमच्याकडच्या गावात लस टोचायला येतोय, तेव्हा बघतो."

मी जळक्या ऑइलचं विचारलं. त्यांनी मान हलवली. "चाटलं की पोटात जातं. विष आहे ते." मग माझ्याच वहीच्या उजव्या पानावर त्यांनी लिहून दिलं. भात निम्मा. रोज एक अंडं किंवा मूठभर उकडलेली लहान मासळी. मीठ-मसाला नाही. गूळ, तूप, खीर बंद. कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नयेत, ती टोकदार फुटतात. नाल्याकडे जाऊ देऊ नये. वही परत देताना त्यांनी विचारलं, "कॉलेजात आहेस?"

"नापास झाले," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, जसं काही मी पाऊस पडतोय म्हणून सांगितलं होतं. "वही चांगली ठेवली आहेस."

खरं कठीण काम घरी होतं. मी चुलीजवळ बसून मायला पान वाचून दाखवलं. तूप बंद म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तिला वाचता येत नव्हतं. तिने वही हातात घेऊन उलटसुलट बघितली, जणू त्या अक्षरांत कुठेतरी तिच्या बाजूचं काही असेल.

"म्हंजे मीच तिले बिमार केलं?"

"तू एकटीनं नाई माय. सगळ्यांनीच."

"मी तिच्यासाठी करून राह्यली होती," ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तांबडीला निम्मा भात आणि मासळी मी घालायची. तांबडी खायची नाही. मायच्या पदराकडे बघत बसायची, आणि माय भिंतीकडे तोंड करून भांडी घासायची. बाबांची बिस्किटं बंद झाली होती, त्यामुळे तेही चहा अंगणात न पिता आत प्यायचे.

गुरुवारी डॉक्टर सायकलवर आले. त्यांनी तांबडीचं कातडं चिमटीत धरून बघितलं, कान उलटे केले. जंताच्या गोळ्या दिल्या आणि बाटलीत पांढरं औषध. "आज अर्ध्या अंगाला, उद्या अर्ध्या. सगळं एकदम नाही. आणि वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही." मग ते मायकडे वळले. मी त्यांना घरातलं काही सांगितलं नव्हतं, पण बहुतेक त्यांनी अशा पुष्कळ चुली बघितल्या असाव्यात.

"बाई, ही दुसऱ्या कुणाच्या हातचं खाणार नाही," ते म्हणाले. "अंडं तुम्हालाच भरवावं लागेल."

ते गेल्यावर मायने कोंबड्यांच्या टोपलीत हात घालून एक अंडं काढलं, उकडलं, सोललं आणि हातावर कुस्करून तांबडीपुढे धरलं. तांबडीने हुंगलं, मायच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तळहात चाटूनपुसून साफ केला.

"खाते व पोरी," माय म्हणाली. दोन दिवसांतले तिचे पहिले शब्द.

पुढे तिने सगळं स्वतःच्या हातात घेतलं. संध्याकाळी बोडीतली लहान मासळी आणायला ती स्वतः जायची. त्या छोट्या तळ्याचं पाणी तेव्हा तांब्याच्या रंगाचं व्हायचं आणि माय गुडघाभर पाण्यात टोपली धरून उभी असायची, मागे सगळं जंगल गप्प. भाऊंच्या झोपडीत जाऊन तिने करवंटी उचलून आणली. भाऊ म्हणाले, "थोडी तर देऊ द्या." माय म्हणाली, "दोन घोट. जास्त नाई." नाल्याकडच्या वाटेवर बाबांनी बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मोहाच्या झाडांखालून मात्र तांबडीला कुणी हटवू शकलं नाही. फुलं गळायची थांबली तेव्हाच ती थांबली.

औषध लावताना तिला धरून बसायची पाळी माझी. वाळेपर्यंत तास-दीड तास लागायचा. त्या वेळात मी ट्रंकेतलं रसायनशास्त्राचं पुस्तक मांडीवर उघडून ठेवायची, कारण एका हाताने तांबडीचं तोंड धरल्यावर दुसरा मोकळाच असायचा. पुढच्या परीक्षेत मी पास झाले. फार गुण पडले नाहीत, पण पास झाले.

केस यायला पावसाळा उजाडला. आधी कोपरावर बारीक लव आली, मग पोटाखाली, आणि भाद्रपदात एक दिवस गाई निघाल्या तेव्हा तांबडी उठून सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. भाऊंनी काठी खांद्यावर टाकली आणि तिच्या मागून चालायला लागले.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती आमच्याकडे होती. दुपारी कामं आटोपली की माय कोठ्याच्या सावलीत पाय पसरून बसायची आणि तांबडी तिच्या मांडीशी. माय बोटांनी केस उलटे करत एकेक गोचीड शोधून काढायची आणि राखेच्या वाटीत टाकायची. मधे तिचा हात मंद व्हायचा, मग थांबायचा. मी पाणी भरून परत यायची तोवर दोघी झोपलेल्या असायच्या, आणि मायची बोटं तशीच त्या तांबूस केसांत रुतलेली.