तव्यावर उलटलेला पिझ्झा

मंडळी, सकाळी कामासाठी सुरतेला आलो. जाईन त्या गावचा पिझ्झा खाऊन इथे पेजवर गुण द्यायचे, हा माझा नेम तुम्हाला माहीत आहेच. दुपारी इथल्या उधना भागात एक नवीन दुकान सापडलं. पिझ्झाला खोट काढायला जागा नव्हती. फक्त एका कडेला चीज जरा करपलं होतं, आणि त्या वासाने मी हातातला तुकडा खाली ठेवला.

नव्वदच्या दशकात आम्ही इथेच एका खोलीत राहायचो. वडील कापडाच्या लूमवर कामाला. मी दहावी पास झालो तेव्हा त्यांनी बेकरीतून पिझ्झा आणला, आमच्या घरातला पहिलाच. घरी येईपर्यंत तो पार गार झाला होता. आईने तवा तापवला, त्यावर पिझ्झा टाकला आणि भाकरीसारखा उलटला. सगळं चीज तव्याला चिकटलं.

मी दोन मित्रांना बोलावलं होतं. त्यांच्यासमोर आईला म्हणालो, "तुला काही कळतं का गं?"

तिने उलथन्याने चीज खरवडून सगळं आमच्या ताटात वाढलं आणि स्वतः नुसता पाव घेतला. मग हळूच मला आमच्या अहिराणीत विचारलं, "कसा लागस रे, भाऊ?"

मी तोंड फिरवलं. चांगला लागत होता, तरी.

आई जाऊन चार वर्षं झाली. कुणी न विचारता मी शेकडो पिझ्झ्यांबद्दल इथे लिहिलं. जिने विचारलं होतं, तिला सांगायचं राहिलं.

आज गुण देत नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं साधंसं उत्तर द्यायचं राहिलंय का?