कांदेवाल्याचा कोपरा

नांदगावहून नाशिक आणि नाशिकहून हरसूल, एवढाच माझा प्रवास. तेवढ्यावर प्रवासवर्णन लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे वहीत लिहिलेलं सगळं मला येतं, असं घरचे समजतात. मीही तसंच समजत होतो.

शेतीतले शब्द अर्थांसह जमवायचे, असं कॉलेजचं काम होतं. कांद्याचे शब्द घरचेच. भाताचे हवे होते. म्हणून जुलैत वर्गमित्र सोमनाथबरोबर हरसूलजवळ त्याच्या मावशीकडे निघालो. घाटातल्या वळणांवर मला उलटी झाली. पिशवी नव्हती, तेव्हा वहीची पहिली चार पानं कामी आली.

मावशीने नागलीची (नाचणीची) भाकरी वाढली आणि खाचरावर (बांध घालून पाणी अडवलेलं भातशेत) नेलं. वाटेत शब्द सांगितले. उन्हाळ्यात पाला, शेण पसरून भाजलेली जागा म्हणजे राब. त्यात रोप वाढवायचं. ते उपटून चिखलात लावायचं, ती आवणी. मी लिहून घेतलं आणि पॅन्ट वर करून खाचराच्या एका कोपऱ्यात उतरलो. येतं का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, कांद्याची लागण लहानपणापासून करतोय. हे खरं होतं, आणि तेच नडलं.

कांद्याचं रोप एकेक धरून अंगठ्याने दाबून बसवायचं. मी भातही तसंच बसवत, पुढे सरकत गेलो. आवणीला आलेल्या बायका दोन-तीन काड्या एकत्र, वरच्यावर टेकवत मागे सरकत होत्या. हे माझ्या लक्षात आलं ते एकीच्या पाठीवर आदळल्यावर.

"मागं बघ," मावशी म्हणाली.

माझी अर्धी ओळ माझ्याच पायांखाली गेली होती. उरलेली शेंड्यापर्यंत चिखलात.

"भात लावतो का पुरतो रं?" जिच्यावर आदळलो होतो ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. राबातलं रोप संपलं होतं आणि तिच्या घरी वर्षभर खायचं भात याच खाचरातलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आलं तर आलं. नाय तर तेवढं कमी खाऊ."

वहीला चांगले गुण मिळाले. आवणीचा अर्थ तर बिनचूक होता. मावशीच्या पाड्यावर फोन लागत नाही. सोमनाथ तिकडे गावी निघाला की मी त्या कोपऱ्याचं विचारून यायला सांगायचो, आणि तो विसरून यायचा.

दिवाळीनंतर मात्र तो आल्याआल्या माझ्या खोलीवर आला.

"सगळ्यांचं भात कापून झालं. तुझा कोपरा खोल पुरल्यानं मागं पडला, अजून हिरवा हाय. विरळ हाय, पण लोंब्या धरल्यात. मोकळी गुरं शिरतील म्हणून मावशीनं भोवती काट्या टाकल्यात. कांदेवाल्याचा कोपरा म्हणतात त्याला."

"मावशी काय म्हणाली?"

"पिकलं की विळा घेऊन ये म्हणाली. आणि कापताना पुढं सरकायचं असतं, एवढं त्याला सांग म्हणाली."