विमलसिस्टरांचा अर्ज

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मीही इंग्रजीत एकदा नापास झालेला. अशा माणसानं कुणाविषयी लिहायला बसावं, हे धाडसच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. विमलसिस्टरांविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

आई तेव्हा विषमज्वरानं सोलापूरच्या एका दवाखान्यात होती. दुपारी भेटीच्या वेळी मी तिच्या उशाशी वाचत बसे. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातलं पुस्तक कुणीतरी वरच्या वर काढून घेतलं.

"बी.ए.चं हाय व्हय? नोकरी करून बाहेरनं बसता येतं का?"

"येतं," मी चाचरत म्हणालो.

"मग मला अर्ज आणून द्या, कॉलेजवाले."

त्या विमलसिस्टर. कुंभारीच्या, नोकरीला लागून चारच महिने झालेल्या. बी.ए., मग बी.एड., मग एखादी शाळा, असा त्यांचा बेत होता. "शाळेतल्या बाईला पोरं उभी राहून नमस्कार करत्यात," त्या म्हणत. "हितं आमीच दिवसभर उभ्या." गिरणीत जाणाऱ्या त्यांच्या वडिलांनाही मुलगी मास्तरीण व्हायला हवी होती.

नर्सिंग सोडायला निघालेल्या बाईचे हात मात्र मी बघत राही. पद्मशाली घरातल्या एका आजीबाईंना मराठी येत नसे. सिस्टर त्यांच्याशी मोजक्या चार तेलुगू शब्दांत बोलत आणि उरलेलं सगळं हातांनी. त्यांना कुशीवर वळवताना म्हणत, "तिकडं भिंत बघून काय मिळणार? हिकडं बघा, कॉलेज बसलंय." आजीबाईंना काही कळत नसे, तरी त्या हसत.

मी अर्ज आणला. त्यांनी तो खिडकीशी उभं राहून सुवाच्य अक्षरात भरला. शुक्रवार शेवटचा दिवस होता. गुरुवारी तो माझ्याकडे द्यायचा, असं ठरलं.

त्याच गुरुवारी ते झालं. आईच्या शेजारच्या खाटेवर माढ्याकडच्या गंगूबाई होत्या. मधुमेहाच्या. इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात जेवायचं, असा नियम. सिस्टर नेहमीप्रमाणे विचारून गेल्या, "आजी, जेवलात का?"

"जेवले की, लेकी."

सिस्टरांनी वहीत तशी खूण केली आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर गंगूबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि जीभ अडखळत होती. मी ओरडलो. सिस्टर धावत आल्या, म्हातारीचा हात हातात घेतला आणि एका क्षणात त्यांना उमगलं, साखर उतरली होती. साखरेचं पाणी, डॉक्टरांना हाक, शिरेतून ग्लुकोज. अर्ध्या तासानं गंगूबाईंनी डोळे उघडले.

सून गावाहून उपाशी आली होती, म्हणून त्यांनी आपली थाळी तिला दिली होती.

इन्चार्ज सिस्टर आल्या, तशा गंगूबाईच पडल्यापडल्या बोलल्या. "पोरीचा काय गुना न्हाय. मीच जेवले म्हनाले. उभ्या मानसाला कुनी उपाशी हाय म्हनून सांगतं व्हय? काय म्हनंल ती?"

आमच्याकडे असंच असतं. पोटात अन्नाचा कण नसला, तरी विचारणाऱ्याला 'जेवलो' म्हणायचं. मीही आजवर तेच म्हणत आलो होतो. इन्चार्ज सिस्टरांनाही ते पटलं. "जाऊ दे, म्हातारीच खोटं बोलली," असं म्हणून त्या निघाल्या.

"न्हाय बाई," विमलसिस्टर म्हणाल्या. "मीबी गावाकडचीच हाय. आमची आईबी असंच सांगते. मला ठाऊक असून मी नुसतं विचारलं, थाळी बघितली न्हाय. तसंच लिहिते." आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहून त्यांनी खाली सही केली. एवढ्याशा नोकरीत, कुणी मागितली नसताना. मी तोवर पुस्तकांतून बरीच मोठी माणसं वाचली होती. समोर उभं राहिलेलं मोठं माणूस पहिल्यांदाच बघत होतो.

भेटीची वेळ संपली तशा त्या पायऱ्यांवर आल्या. डोळे सुजलेले. मी अर्जासाठी हात पुढे केला.

"ह्या वर्षी न्हाय, कॉलेजवाले."

"उद्या शेवटचा दिवस आहे, सिस्टर."

"म्हणूनच. आज अर्ज दिला तर ते शिकायला जाणं न्हाय, पळून जाणं झालं. आदी हितलं काम नीट जमू दे. मग सोडायचं का, ते ठरवीन."

दुसऱ्या दिवसापासून त्या कुणालाच 'जेवलात का' विचारेनात. खाटेशी वाकून थाळी बघत, आणि भाकरी उरलेली दिसली की तिथंच बसत. "हं, खावा. मी कुटं जात न्हाय."

आई बरी झाली, आम्ही गावी गेलो. पुढं मी कसाबसा बी.ए. झालो आणि माढ्याला कारकून म्हणून लागलो. त्यांनी पुन्हा अर्ज भरला की नाही, हे विचारायला जाण्याचा धीर मला कधी झाला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत कुंभारीचा एकजण काही कामासाठी आला. बोलता बोलता कळलं, तो त्यांचा धाकटा भाऊ.

"आक्का? बी.ए. झाली की औंदा. बाहेरनंच बसली. गावच्या शाळेतनं बोलावणं आलतं."

"मग? शाळेत लागल्या?"

"कशाची! बाबा चार दिस बोलले न्हाईत तिच्याशी. न्हाय म्हणाली शाळेला. अजून त्याच वॉर्डात हाय, म्हाताऱ्यांच्या थाळ्या बघत." तो माझ्या टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिला. "आता का, ते आमाला काय कळणार? तुमी शिकलेली माणसं, तुमीच सांगा की."